शिडीच्या खालच्या पायरीवरची चप्पल

पुरवणी जबाब

मी, गावात टाकीवाली बाई म्हणून ओळखली जाणारी, वय ४७ वर्षे, शिक्षण सातवी पास, धंदा पाणीयोजनेच्या आवाराची झाडलोट, राहणार पाण्याच्या टाकीला लागून असलेली खोली. आज शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात समक्ष येऊन लिहून देते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघे राहतो. घरात तिसरे कोणी नाही. पती, वय ५२, गेली बावीस वर्षे गावाला पाणी सोडण्याचे व टाकी सांभाळण्याचे काम करतात. खोली त्यांच्या नोकरीबरोबर मिळाली आहे. नोकरी गेली की खोलीही जाते.

माझे पती मागच्या आठवड्यात गुरुवारी टाकीत अडकून जखमी झाले. त्याच संध्याकाळी मी या ठाण्यात जबाब दिला होता. त्यात 'मी खोलीत पाण्याचे ग्लास भरत होते, मला बाकी काही माहीत नाही' असे लिहिले आहे. ग्लास भरत होते हे खरे आहे. पुढचे खरे नाही. मग तेव्हा खोटे का सांगितले, असे साहेबांनी विचारले. ते सांगायलाच आले आहे, पण क्रमाने सांगते, नाहीतर माझे मलाच सांगता येणार नाही.

आमच्या गावचे पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून उताराने येते. वीज लागत नाही. गावाने स्वतः चर खणून पाइप टाकले, तेव्हा माझे पती पहिल्या दिवसापासून कुदळ घेऊन होते. तेव्हापासून एक दिवसही नळ कोरडा राहिलेला नाही. लहान गावांतल्या उत्कृष्ट सार्वजनिक कामाला एक पुरस्कार देतात, त्यासाठी आमची योजना शेवटच्या तिनांत आली होती. पाणी समितीचे अध्यक्ष माझे चुलत दीर लागतात. पुरस्कार मिळाला तर त्या पैशातून वरच्या वस्तीपर्यंत पाइप न्यायचा, असे ठरले होते. वरच्या वस्तीत माझी नणंद राहते. ती अजून आमच्या आवारातल्या नळावरून हंडा भरते आणि चढ चढून जाते. तेव्हा पुरस्कार फक्त मिरवण्यासाठी होता असे माझे म्हणणे नाही. सगळ्यांना हवा होता. मलाही हवा होता.

आता चपलेचे सांगते. टाकी पिण्याच्या पाण्याची, म्हणून आत उतरताना माझे पती अनवाणी जातात. चप्पल बाहेरच्या शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर काढून ठेवतात, अंगठे शिडीकडे करून. चप्पल पायरीवर आहे तोपर्यंत माणूस टाकीत आहे, आणि माणूस टाकीत आहे तोपर्यंत झऱ्याचे पाणी टाकीत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे चाक कोणी फिरवायचे नाही, असा नियम आहे. पूर्वी 'आत माणूस आहे' अशी पाटी होती, ती वाऱ्याने दोनदा उडाली. चप्पल कधी उडाली नाही. एकदा एका लग्नघरी पाणी कमी पडले, तेव्हा अध्यक्ष स्वतः चाकाजवळ तासभर ताटकळले होते. "दादा आत झोपलाय आणि चप्पल ड्युटीवर आहे," असे म्हणत होते, पण चाकाला हात लावला नाही. गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

दुसरा नियम असा की एक माणूस आत असेल तेव्हा एक वर झाकणाशी बसलेला पाहिजे. गुरुवारी वर समितीचा फिटर होता.

टाकी आधीच्या आठवड्यातच घासली होती. पण परीक्षक मंडळी वर चढून झाकण उघडून बघतात असे अध्यक्षांना कोणीतरी सांगितले, म्हणून गुरुवारी सकाळी आठ वाजता पुन्हा एकदा घासायला लावली. आतली लोखंडी शिडी चंदेरी रंग देण्यासाठी काढून नेली होती, ती वाळली नव्हती. त्यामुळे फिटरने पतींना कमरेला दोर बांधून आत सोडले. बाहेरच्या शिडीलाही आदल्या दिवशी तोच रंग दिला होता. वाटेच्या कडेचे दगड चुन्याने रंगवले होते. अध्यक्षांनी मला बजावले होते, "वहिनी, आवारात एक काडी दिसता कामा नये." मी पहाटेपासून झाडत होते. ते मला खोटे सांगता येणार नाही, आवार खरोखरच छान दिसत होते.

त्या चंदेरी शिडीवर पतींची चप्पल होती. डावीचा पट्टा तुटलेला, तांब्याच्या तारेने बांधलेला. टाच इतकी झिजलेली की आरपार दिसावे. मी त्यांना नवीन घे म्हणून दोन वर्षे सांगत होते. "चालतंय ना, मग चालू दे," एवढेच म्हणत. शेवटी रविवारी मीच बाजारातून नवा जोड आणला. तो खोलीत खोक्यात होता. टाकीत उतरायला जाताना ते म्हणाले, "बाहेर आलो की घालतो. तोवर तुझ्या परीक्षकांना माझे पाय दाखवू नकोस." आम्ही दोघे हसलो. त्यानंतर मी त्यांचे हसणे ऐकलेले नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी अध्यक्षांनी खालून फिटरला हाक मारली. पाहुणे साडेअकराला यायचे ते वळणावर येऊन पोचले होते आणि फीत धरायला माणूस कमी होता. पतींनी आत कमरेचा सोडून ठेवलेला दोर फिटरने वर ओढून झाकणाशी गुंडाळून ठेवला, आत वाकून "दहा मिनिटांत आलो" असे ओरडला आणि खाली आला. खालची पायरी सोडून त्याने उडी मारली, कारण तिथे चप्पल होती. मला म्हणाला, "वहिनी, चप्पल आहे पायरीवर, काळजी नाही." मी "हो" म्हटले. हे त्याने मला सांगितले होते. फिटर खरे बोलतो आहे.

फिटर गेल्यावर ती चप्पल मी उचलली.

कोणी सांगितले म्हणून उचलली का, असे साहेबांनी विचारले. कोणी सांगितले नाही. मला लाज वाटली. मोठी माणसे येणार, टाकी बघणार, आणि पहिल्याच पायरीवर ती तार. मी जुनी उचलून तिथेच नवी ठेवणार होते. नियम मोडायचे माझ्या मनातही नव्हते. चप्पल ती चप्पल, जुनी काय नि नवी काय. शिडीपासून आमची खोली बेचाळीस पावलांवर आहे, आता मोजली आहेत. मी खोलीत गेले, जुनी दाराशी टाकली, खोके उघडले, आत कोंबलेला कागद काढत होते, तेवढ्यात अध्यक्ष दारात आले.

"वहिनी, पाणी! पाहुणे आत शिरले."

मी म्हटले, "भाऊजी, एवढी चप्पल ठेवून येते."

"चप्पल कसली काढलीत आता? आधी पाणी आणा, अकरा ग्लास."

ते दारातच उभे राहिले. मी ग्लास भरायला घेतले. कार्यक्रमाचा कागद माझ्याजवळ होता. त्यात आधी स्वागत, मग भाषणे, मग फीत आणि सगळ्यात शेवटी चाक फिरवून पाणी सोडणे, असे लिहिले होते. म्हणजे अजून तासभर आहे, पाणी देऊन चप्पल ठेवू, असा मी हिशेब केला. कागदावर विश्वास ठेवला.

मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा परीक्षक बाई चाक फिरवत होत्या. "भाषणं मागाहून, आधी पाणी दाखवा," असे त्याच म्हणाल्या होत्या, हे मला नंतर कळले. चाकाकडे नेण्याआधी अध्यक्षांनी पायरीकडे बघितले होते, असे त्यांनी त्यांच्या जबाबात सांगितले आहे. तेही खरे असणार. पायरी रिकामी होती. म्हणजे नियमाप्रमाणे टाकीही रिकामी होती. त्या वेळी आवारातल्या सामानाच्या कोठीच्या दारावरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते.

तुम्ही ओरडला का नाहीत, हे साहेबांनी तीन वेळा विचारले. मी तोंड उघडले होते. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून हाताने 'तिथेच थांबा' अशी खूण केली. चाळीसेक माणसे होती, पाहुण्यांबरोबर आलेले अभियंता साहेब बोलत होते. मी ओरडले असते तर पहिला प्रश्न चप्पल कुठे आहे हाच आला असता. मी मनाशी म्हटले, टाकी भरायला तास लागतो, ते कडेला उभे राहतील, भाषण संपले की फिटरच्या कानात सांगते. फिटर फितीचे टोक धरून पलीकडच्या बाजूला होता. त्याची माझ्याकडे पाठ होती.

दहा शेहेचाळीसला पाइप वाजला.

याबद्दल थोडे सांगावे लागेल. टाकीतून खाली येणारा पाइप आमच्या खोलीतल्या नळाला जोडलेला आहे. टाकी घासून होत आली की माझे पती आतून त्या पाइपावर पान्याने मारतात. दोन ठोके, थांबून पुन्हा दोन. नळ वाजतो. मी चहाचे आधण ठेवते. ते उतरून येईपर्यंत चहा होतो. बावीस वर्षे असे चालले आहे. हे आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नाही. फिटरला वाटते टाकी उन्हाने तडतडते.

त्या दिवशी दोन ठोके आले, थांबून पुन्हा दोन. ते चहा मागत नव्हते. फिटरला हाक मारून उत्तर आले नसेल, मग त्यांनी मला हाक मारली. साहेब म्हणतात, हा अंदाज झाला, जबाबात अंदाज नको. बरे, मग एवढेच लिहा की दोन आणि दोन ठोके आले आणि ते मला समजले.

परीक्षक बाईंनी विचारले, "हा आवाज कसला?" अभियंता साहेब म्हणाले, "पाइपात हवा आहे. पाणी चढलं की वाजतो." त्यावर अध्यक्ष म्हणाले, "बघा, आमचा पाइपसुद्धा टाळ्या वाजवतो!" सगळे हसले, टाळ्या झाल्या. माझ्या हातात ट्रे होता म्हणून मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पाइप नऊ मिनिटे वाजला. मी घड्याळाकडे बघत होते म्हणून सांगू शकते. नंतर नंतर दोनऐवजी एकेकच ठोका येऊ लागला. दहा पंचावन्नला थांबला. तो थांबल्यावर मी ट्रे परीक्षक बाईंच्या हातात दिला, धावत जाऊन चाक बंद केले आणि "ते आत आहेत" असे म्हटले. ओरडले की नुसते म्हटले, ते आठवत नाही. चाक बंद करायला साडेअकरा फेरे लागतात.

फिटर फीत टाकून वर चढला. त्याने दोर सोडून आत उडी घेतली आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी पतींना बाहेर काढले. पाण्याच्या लोटाने ते भिंतीवर आपटले होते. खांदा निखळला, डोक्याला सहा टाके पडले, छातीत पाणी गेले. उजव्या कानाने आता ऐकू येत नाही. पाणी त्यांच्या गळ्यापर्यंत आले होते. जन्म पाण्यात गेला, पण त्यांना पोहता येत नाही.

त्यानंतर सगळ्यांनी पायरी बघितली. पायरीवर चप्पल नव्हती. फिटर शपथेवर सांगत होता की चप्पल होती, मी ओलांडून आलो. सगळे म्हणाले, हा आपली कातडी वाचवतोय. त्याने गर्दीत मला विचारले, "वहिनी, मी तुम्हाला म्हटलं होतं ना?" मी म्हटले, "आठवत नाही." त्याला कामावरून काढून घरी बसवले आहे.

रविवारी अध्यक्ष माझ्या खोलीवर आले. वाईट माणूस नाहीत. दवाखान्याची धावपळ त्यांनीच केली. ते म्हणाले, "वहिनी, पोलिसांचा अहवाल गेला की पुरस्काराचं ठरणार आहे. टाकीवर माणूस नव्हता, शिडी काढली होती, असं निघालं तर योजनेवर ठपका. दादा चप्पल ठेवायला विसरला, असं निघालं तर कोणावरच नाही. विसरणं हा काही गुन्हा नाही. मी त्याला हलकं काम देईन, खोली तुमचीच राहील." मी काही बोलले नाही. त्यांना तो होकार वाटला. चप्पल त्या वेळी माझ्या पेटीत होती.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. म्हणी लिहिता येत नाहीत, असे साहेबांनी सांगितले. पण मी जे सांगितले ते लिहायचे असेल तर ही लिहा, मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. खरे सांगावे तर नवऱ्याला बुडवणारी मीच, वर पुरस्कार गेला, वस्तीचा पाइप गेला. गप्प बसावे तर ते विसरभोळे ठरतात.

सोमवारी पतींना नीट शुद्ध आली. डोक्याच्या मारामुळे त्यांना त्या सकाळचे काहीच आठवत नाही. अध्यक्ष शेजारी उभे होते. पतींनी पहिले मला विचारले, "चप्पल ठेवली होती का गं मी?"

मी त्यांची चादर सारखी केली.

मंगळवारी तुमचे साहेब दवाखान्यात जबाब घ्यायला आले, तेव्हा पतींनी 'चप्पल ठेवायला विसरलो असेन' असे सांगितले. तो जबाब तुमच्याकडे आहे. तो खोटा आहे, पण त्यांनी खोटे सांगितलेले नाही.

त्यानंतर त्यांना कशाचीच खात्री वाटेनाशी झाली आहे. गोळी घेतली का, हे नर्सला दोन-दोनदा विचारतात. सदऱ्याची बटणे चाचपून बघतात. मला म्हणाले, "अगं, मागच्या महिन्यात खालच्या आळीचं पाणी बंद केलं होतं ना मी?" मी म्हटले, केले होते. "तू पाहिलंस का?" मी म्हटले, पाहिले. "मग चप्पल कशी विसरलो?" बावीस वर्षांत हा माणूस एकदाही काही विसरला नाही. मी मीठ विसरते, ते आठवण करतात. त्या माणसाने बुधवारी मला विचारले, "माझं डोकं गेलं का गं?"

गुरुवारी नणंद डबा घेऊन आली. भावाला बघून झाल्यावर बाहेरच्या बाकावर मला हळूच म्हणाली, "वहिनी, पाइप येईल ना गं?" आणि आपण हे काय विचारले म्हणून तिथेच रडायला लागली. मी तिला जवळ घेतले. तिच्या टाळूवर हंड्याच्या जागी केस नाहीत.

काल शुक्रवारी पतींनी उशीखालून किल्ल्यांचा जुडगा काढला. कोठी, व्हॉल्व्हची पेटी, टाकीचे झाकण, अशा सात किल्ल्या आहेत. झोपतानाही कमरेला असतात. मला म्हणाले, "हा भावाला नेऊन दे. माझ्यासारख्या विसराळूच्या हातात गावाचं पाणी नको." त्यांना एकच हात हलवता येतो, त्या हाताने त्यांनी माझी मूठ मिटली. मी जुडगा घेऊन निघाले, अध्यक्षांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. आज इथे आले आहे.

जुनी चप्पल सोबत आणली आहे, ती हजर करते. डावीच्या पट्ट्याला तांब्याची तार आहे. पुरावा म्हणून ठेवून घेणार असे सांगितले, माझी हरकत नाही. किल्ल्यांचा जुडगा मी हजर करत नाही. तो ज्यांचा आहे त्यांना परत द्यायचा आहे.

माझ्यावर काय कारवाई होईल ते साहेबांनी समजावून सांगितले. आधीचा जबाब खोटा दिला त्याचेही सांगितले. ते मला कळले. फिटरला कामावर घ्यावे, एवढे जमत असेल तर लिहावे. पुरस्काराचे काय ते परीक्षकांनी बघावे. वरच्या वस्तीच्या बायकांना मी काय तोंड दाखवू, ते मला माहीत नाही.

या जबाबाची एक नक्कल मला मिळावी. हे सगळे मला पतींना तोंडाने सांगता आलेले नाही. चार दिवस त्यांच्या पलंगाशी बसून सुरुवात केली आणि दर वेळी पाणी हवे का, एवढेच विचारून आले. कागद असला की वाचता येईल. वाचताना माणसाला वर बघावे लागत नाही. त्यांच्या डाव्या कानाकडे बसेन.

लिहिलेले सगळे साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. एका ठिकाणी 'नजरचुकीने चप्पल उचलली' असे आले होते, ते मी खोडायला लावले. मी बघून उचलली. बाकी माझ्या सांगण्यासारखेच उतरले आहे, कमीजास्त नाही, म्हणून खाली सही करते. शेवटची ओळ माझ्या विनंतीवरून मोठ्या अक्षरांत लिहिली आहे, म्हणजे डोळे भरून आले तरी मला ती वाचता येईल.

तुम्ही चप्पल ठेवली होती. खालच्या पायरीवर, अंगठे शिडीकडे.